भीती गेली तरी देव का उरतो?

मीरा_मिरजकर (धागाकर्ती)

देवीच्या रोगाचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सगळं जग या रोगातून सुटल्याचं जाहीर केलं. माझ्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे, माझ्या मुलांना ती लस टोचावीच लागली नाही. म्हणजे ज्या रोगाच्या धास्तीने आपल्या पणज्या शीतळादेवीवर गार पाण्याचे तांबे ओतायच्या, तो रोगच आता पृथ्वीवर नाही. तरी श्रावणात शिळासप्तमीला चूल न पेटवणारी घरं आहेत. माहीमच्या शीतळादेवीच्या देवळात लोक जातात. माझी जाऊ शाळेत विज्ञान शिकवते आणि सप्तमीला आदल्या दिवशीचंच जेवते.

धर्माचं मूळ भीतीत आहे हे काही मी पहिल्यांदा म्हणत नाही. जगात देव पहिल्यांदा भीतीने घडवले, असं एक रोमन कवी जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी लिहून गेला. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने १९२७ साली लंडनच्या भाषणात जवळजवळ तेच सांगितलं. अज्ञाताची भीती, पराभवाची भीती, मरणाची भीती. मला हे बरंचसं पटतं, पण शीतळादेवीपाशी येऊन अडतं. भीतीने देव घडवला असेल तर भीती गेल्यावर तो जायला हवा होता. तो का जात नाही?

आपापल्या घरातलं, गावातलं सांगा. पुस्तकातलंही चालेल.

रोखठोक_राजा

उत्तर सोपं आहे. भीती गेली, सवय राहिली. रोग गेला म्हणून कोणी आईला सांगत नाही की आता सप्तमी बंद कर. आणि एक भीती गेली तर दुसरी तयार असतेच. भित्यापाठी ब्रह्मराक्षस.

दर्यावर्दी

राजा, सवय म्हणून सोडून देऊ नका. मी कोळीवाड्यातला. माझे बाबा खाडीत पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकायला जायचे तेव्हा कसलाच विधी नसायचा. उठायचं, पाग खांद्यावर टाकायचा, निघायचं. तेच बाबा खोल दर्यात जायचे तेव्हा होडीला हळद-कुंकू, नारळ, एकवीरा आईचं नाव. नारळी पौर्णिमेच्या आधी दर्यात जायचं नाही म्हणजे नाही.

आता सरकारी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची. बोटीवर जीपीएस आहे, वायरलेस आहे, वादळाचा इशारा मोबाइलवर येतो. तरी नारळ सोडल्याशिवाय आमची बोट निघत नाही. भीती कमी झाली हे खरं. नारळ कमी झाला नाही, उलट मिरवणूक वाढली.

चौथी_मिती

दर्यावर्दी, तुमच्या बाबांचं वागणं मानववंशशास्त्रात जसंच्या तसं नोंदलेलं आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहिला होता. तिथले लोक आतल्या उथळ खाजणात मासे धरायचे तेव्हा मंत्रतंत्र जवळजवळ नाही, कारण मासा मिळणार हे ठरलेलं आणि जिवाला धोका नाही. बाहेरच्या खुल्या समुद्रात जाताना मात्र विधींचा मोठा पसारा. त्याचं म्हणणं असं की माणसाचं कसब जिथे संपतं आणि नशीब सुरू होतं, तिथे जादू येते.

ही माणसं अडाणी होती म्हणून असं करत होती, हा अर्थ मात्र यातून निघत नाही. होडी बांधण्यात, वारा ओळखण्यात ती पारंगत होती. विधी त्या ज्ञानाच्या जागी नव्हता, ज्ञान संपतं त्याच्या पुढे होता.

बाकावरचा_शेवटचा

दहावीच्या परीक्षेच्या सकाळी गणपतीच्या देवळाबाहेरच्या चपला मोजा आणि मराठीच्या पेपरला किती, गणिताच्या पेपरला किती ते लिहून ठेवा. मालिनोव्स्कीला पापुआ न्यू गिनीला जावं लागलं नसतं.

गार्गी_व

भीती आणि धर्माचं नातं बाहेरच्या टीकाकारांनी शोधून काढलं असं धाग्यात वाटतंय. ते धर्मग्रंथांनाच आधीपासून ठाऊक आहे. बृहदारण्यक उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात आरंभी एकटाच असलेला तो पुरुष घाबरतो. म्हणून एकटा माणूस घाबरतो, असं तिथेच म्हटलंय. मग तो विचार करतो की माझ्याशिवाय दुसरं कोणी नाहीच तर मी भितो कोणाला? आणि त्याची भीती जाते. भय दुसऱ्यापासूनच येतं. तैत्तिरीयात मात्र वारा ब्रह्माच्या भीतीने वाहतो, सूर्य त्याच्या भीतीने उगवतो. दोन्ही एकाच परंपरेत.

गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन विश्वरूप पाहून थरथरतो. तुला मित्र समजून कृष्णा, यादवा अशा हाका मारल्या, क्षमा कर म्हणतो. शेवटी मागतो काय? ते नेहमीचं ओळखीचं रूप परत दाखव. आणि सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी सुरू होते तीच अभयापासून. मला यातून एवढंच दिसतं की भीती ही दारातली पायरी आहे हे जुन्या लोकांना कळत होतं. सातव्या अध्यायात चार प्रकारच्या भक्तांत पहिला आर्त आहे, संकटात सापडलेला. त्याला हाकललेलं नाही.

रोखठोक_राजा

गार्गीताई, तुमचं वाचन मोठं आहे, पण उपनिषद किती घरांत पोचलं? घराघरांत पोचला तो कोप. "देवाचं राहिलंय." "कुलदैवताला गेला नाहीत." "नवस फेडला नाही म्हणून पोराला ताप." मी लहानपणापासून हेच ऐकलंय. आमच्याकडे वडील आजारी पडले तेव्हा एका ज्योतिषाने साडेसाती सांगितली आणि शांतीचा खर्च सांगितला. आईने पाटल्या मोडल्या. वडिलांना टीबी होता. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळत होतं. अभयाची यादी कुठल्या अध्यायात आहे हे त्या माणसाला बहुतेक पाठ असेल.

भीमाकाठ

राजा, तुमच्या आईच्या पाटल्यांवरून लिहावंसं वाटलं.

भीतीबद्दल बोलताना सगळे "माणूस घाबरतो" असं म्हणतायत. गावात भीतीची वाटणी कशी होती तेही बघा. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा काढायचे. नैवेद्य, कोंबडं, हिरवी चोळी, बांगड्या, सगळं गाड्यात घालून वाजतगाजत शिवेपार सोडून यायचं, म्हणजे रोगराई पलीकडच्या गावाला. गाडा सोडायला, हलगी वाजवायला, पोतराज होऊन अंगावर आसूड ओढून घ्यायला माणसं आमच्या वस्तीतली. भीती सगळ्या गावाला, ओझं एका आळीवर. नवसाचं पोर पोतराज म्हणून मरीआईला सोडायचे, तेही बहुतेक वस्त्यांतलंच.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली. आमच्या आजोबांनी पुढच्या वर्षी देव्हारा रिकामा केला. टाक, मरीआईचा मुखवटा, सगळं फडक्यात बांधून नदीत सोडलं. आजोबा खंबीर होते, आजी मात्र पोर शिंकलं तरी दचकायची. गावातले लोक मुद्दाम विचारायला यायचे, सगळं बरं आहे ना? काही झालं नाही. पोरं वाढली, शाळेत गेली. भाषणांनी वस्तीला जेवढं पटलं त्याहून जास्त या "काही झालं नाही"ने पटलं, असं माझे वडील सांगायचे.

धम्मपदात यावर नेमकं आहे. भयाने ग्रासलेली माणसं डोंगर, वनं, बागा, झाडं, चैत्य यांना शरण जातात, पण ते शरण सुरक्षित नाही. मीराताई, तुमचा प्रश्न तिथेही आहे.

मीरा_मिरजकर

भीमाकाठ, हे लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. "भीतीची वाटणी" ही बाजू मी धागा काढताना डोळ्यांसमोर ठेवली नव्हती आणि ती नसेल तर ही चर्चाच अर्धी राहील. कोणीही वरवर वाचून पुढे जाऊ नका, ही विनंती.

आरवलीकर

आमच्या आरवलीचो वेतोबा (वेंगुर्ला तालुको). आता प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर संपादक ओरडतील.

देवळात गेलात तर माणसाहून उंच मूर्ती आणि पायाशी भल्यामोठ्या चामड्याच्या चपला. लोक नवसाला चपला आणि केळ्यांचे घड देतात. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपला झिजतात, अशी श्रद्धा. बाहेरच्या माणसाला हे भुताखेतांचं वाटतं. आम्हा पोरांना उलटं होतं. रात्री शेजारच्या वाडीतून नाटक बघून परत यायचं, विजेचे खांब नाहीत, बांधावरून वाट. आजी एवढंच म्हणायची, "घाबरां नको, वेतोबा असा पाठीक." आणि आम्ही यायचो!

काळोखाची भीती वेतोबाने घातलेली नव्हती. काळोख होताच, साप होतेच. वेतोबामुळे त्या वाटेने चालता आलं. शहरातली शिकलेली माणसं देव म्हणजे धाक असंच धरून चालतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

जिन्यातला

आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात कोपऱ्याकोपऱ्यावर देवांच्या टाइल्स आहेत. गणपती, साईबाबा, क्रॉस, मक्का-मदिना, बुद्ध, शेजारी शेजारी. "थुंकू नये, दंड होईल" असा बोर्ड होता तोवर त्या बोर्डावरच पिचकाऱ्या. टाइल्स लागल्या आणि भिंत स्वच्छ. सर्वधर्मसमभाव म्हणजे काय हे मला नागरिकशास्त्रात कळलं नव्हतं, जिन्यात कळलं.

चौथी_मिती

जिन्यातला, तुमच्या टाइल्सना शास्त्रीय भावंड आहे. २००६ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातल्या तिघांनी एक प्रयोग केला. चहा-कॉफी स्वतः घ्यायची आणि पैसे डब्यात टाकायचे, बघायला कोणी नाही. दरपत्रकावर एका आठवड्यात फुलांचं चित्र, दुसऱ्या आठवड्यात माणसाच्या डोळ्यांचं. डोळ्यांच्या आठवड्यांत सरासरी जवळपास तिप्पट पैसे जमले. पुढच्या सगळ्या प्रयोगांत एवढा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. तरी कोणीतरी बघतंय या जाणिवेने माणूस सरळ वागतो, एवढं आपण रोज अनुभवतोच. काही अभ्यासकांच्या मते अनोळखी माणसांचे मोठे समाज एकत्र राहू शकले ते सगळं पाहणाऱ्या, शिक्षा करणाऱ्या देवांमुळे. त्यावर अजून जोरात वाद चालू आहेत.

नगरी_माणूस

मग शनि-शिंगणापूर आलंच पाहिजे. घरांना दारं नाहीत म्हणून गाव प्रसिद्ध. २०११ मध्ये एका राष्ट्रीयीकृत बँकेने तिथे कुलूप न लावता शाखा उघडली. चोरी करणाऱ्यावर शनीचा कोप होतो ही भीती. चोरीच्या तक्रारी तिथेही नोंदल्या गेल्यात, पण मला त्यापेक्षा दुसरं सांगायचंय. दार नसलेल्या घरातली बाई रात्री शांत झोपते ती चोराला शनीची भीती आहे म्हणून. एकाची भीती ही दुसऱ्याची निर्धास्ती आहे.

आणि त्याच गावात बायकांनी चौथऱ्यावर चढायचं नाही ही दुसरी भीती होती. मोठं आंदोलन झालं, उच्च न्यायालयाचा निकाल आला, एप्रिल २०१६ मध्ये देवस्थानाने बायकांना चौथऱ्यावर प्रवेश खुला केला. पुढे? भीमाकाठ म्हणतात तेच. काही झालं नाही.

सातासमुद्रापार

इतका वेळ नुसतं वाचत होते. खूप छान धागा.

माझा प्रश्न घरगुती आहे. मी न्यू जर्सीत राहते, मुलगा साडेपाच वर्षांचा. सासूबाई आल्या आहेत. त्याने जेवण टाकलं की "बाप्पा कान कापेल". परवा रात्री झोपताना त्याने विचारलं, बाप्पाकडे कात्री असते का? मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. त्यांना दुखवायचं नाही. मुलाला बाप्पा हवा, पण असा नको. काय सांगू?

आजी_ऑनलाइन

बाळा, सासूबाईंना दुखवायची गरज नाही. मलाही पाच नातवंडं. कान कापणारा बाप्पा बहुतेक घरांत असतो, कारण जेवण भरवताना आजी दमलेली असते आणि दुसरं काही सुचत नाही. तू त्यांच्यासमोरच मुलाला सांग, बाप्पाचे स्वतःचेच कान एवढे मोठे आहेत, त्याला तुझे कशाला हवेत? तो मोठ्या कानांनी ऐकतो. जे सांगायचं ते त्याला सांग. सासूबाईपण हसतील आणि पुढच्या वेळी तेच सांगतील.

बाकावरचा_शेवटचा

आजी, +१००. आमच्याकडे "बागुलबुवा" आणि "बाप्पा" असे दोन वेगळे विभाग होते. शिक्षा खातं बुवाकडे, मोदक खातं बाप्पाकडे. कारभार सुरळीत चालायचा.

डॉ_केतकी

मानसोपचारतज्ज्ञ म्हणून दोन्ही बाजू रोज बघते.

आधी चांगली बाजू. मॉरिशसमधल्या मराठी हिंदू स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना नैसर्गिक आपत्तीत काय तयारी कराल यावर लिहायला लावून आधी थोडं अस्वस्थ केलं. मग काहीजणींना देवळात नेहमीची पूजा करायला पाठवलं आणि बाकीच्यांना नुसतं शांत बसवलं. पूजा करून आलेल्यांची अस्वस्थता जास्त उतरली होती. त्यांनी तसं सांगितलं आणि हृदयाच्या ठोक्यांच्या नोंदींतही फरक दिसला. ठरलेली, परत परत केलेली, ओळखीची कृती मेंदूला सावरते. निरांजन लावणं, माळ ओढणं, नमाजाच्या हालचाली, कशानेही.

आता दुसरी बाजू. माझ्याकडे येणारे कितीतरी रुग्ण आधी वर्ष-दीड वर्ष "बाहेरची बाधा", "करणी" यात घालवून येतात. मुलीला स्किझोफ्रेनिया असतो आणि घरचे कोणी काय पुरलं ते शोधत अंगण खणत असतात. मंत्रचळ असलेल्या माणसाला तर देवाचीच भीती छळते. पूजेत चूक झाली का, परत करू, परत करू, पाच तास. त्याला "श्रद्धा ठेव" म्हणणं म्हणजे आगीत तेल.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्य घातलं तो त्यांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या खुनानंतर आला. आधी वटहुकूम, मग डिसेंबरमध्ये विधिमंडळाची मंजुरी. देवावर विश्वास ठेवणं त्यात गुन्हा नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवून मंत्र घालणं, हा गुन्हा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, हा गुन्हा आहे. भीती वाटण्याला हात न लावता भीती वापरणाऱ्याला धरणारा कायदा, म्हणून मला त्याची मांडणी महत्त्वाची वाटते.

सातासमुद्रापार, आजींचं उत्तर माझ्या उत्तराहून चांगलं आहे. फक्त रात्री दिवा मागत असेल तर काही दिवस ठेवा.

लातूरकर

किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आसपास. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक थकून झोपलेले. दगड-मातीच्या जाड भिंती. सुमारे दहा हजार माणसं गेली.

माझी आत्या वाचली, तिच्या घरातले दोघं गेले. त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहताना कोणी कोणी बोलायचं की गावात पाप फार झालं होतं. आत्या हे ऐकून उठून जायची. तिने देवाला हात जोडणं बंद केलं. ती देवाला घाबरत नव्हती, त्याच्यावर चिडली होती. काही वर्षांनी परत दिवा लावायला लागली, पण उपास कधी धरला नाही. "त्यानं माझं ठेवलं नाही, मी त्याचं अर्धंच ठेवीन," म्हणायची.

धर्म म्हणजे भीती म्हणणाऱ्यांनी मला आत्याचा हा राग कुठे बसवायचा ते सांगावं.

रोखठोक_राजा

लातूरकर, याला माझ्याकडे उत्तर नाही. आत्यांना नमस्कार.

"पाप झालं होतं" म्हणणाऱ्यांबद्दल मात्र माझं मत अजून कडक झालं. भूकंपाने मारलं ते मारलंच, वर मेलेल्यांना दोषी ठरवायचं!

सह्यभटक्या

जरा वेगळ्या वाटेने. देवराईत वाळलेली काडीसुद्धा उचलायची नाही, उचलली तर देव सोडत नाही. या भीतीने सह्याद्रीत शेकडो वर्षं जुनी झाडं उभी राहिली. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा आजूबाजूला नाहीशा झालेल्या वनस्पती तिथे सापडल्या. वारली पाड्यांवरचा वाघोबा तसाच. वाघबारशीला त्याला नैवेद्य, आणि एरवीही बिबट्याशी जमवून घेण्याची शिकवण. गोव्यात वाघ्रो. ज्याची भीती वाटते त्याला मारायचं नाही, त्याच्याशी करार करायचा.

आता भीती ओसरली आणि भक्ती वाढली, तर काय होतंय? राईतली झाडं तोडून देवाला सिमेंटचं देऊळ, पुढे फरशी, पार्किंग. जुना देव उघड्यावर, दगडाच्या रूपात, झाडांत राहायचा. भीती गेली की सगळं चांगलंच होतं असं समजू नका.

भीमाकाठ

सह्यभटक्या, देवरायांबद्दल तुमचं दुःख खरं आहे. पण "भीतीने जपलं" म्हणताना ती मोडली तर शिक्षा कोणाला व्हायची तेही विचारा. पाटलाने लाकूड नेलं तर देवाचा कौल घेता यायचा. आमच्या माणसाने नेलं तर गाव निवाड्याला बसायचं.

सह्यभटक्या

मान्य. कौल कोण लावतो यावर बरंच अवलंबून असायचं, मी हे गावोगाव ऐकलंय. तरीही झाडं वाचवायला आज वनखात्याचा बोर्ड पुरत नाही, हे दुखणं उरतंच.

निवृत्त_मास्तर

१६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण. खग्रास पट्टा कर्नाटकातून गेला, आमच्याकडे कोल्हापुरात खंडग्रास, पण बरंच मोठं. दुपारी रस्ते ओस. गरोदर बायकांनी चिरायचं नाही, शिवायचं नाही, बोट मुडपायचं नाही, नाहीतर पोराचा ओठ फाटतो. पाण्यात तुळशीपत्र. मी मुलांना शाळेत आरशाने भिंतीवर सूर्याचं बिंब दाखवायचं ठरवलं होतं. वर्गात मोजकीच मुलं आली, त्यांतल्या दोघांना नंतर घरी आंघोळ घातली.

आता ग्रहण आलं की तीच मुलं, आता पन्नाशी ओलांडलेली, नातवंडांना काळे चष्मे लावून गच्चीवर नेतात. ग्रहण पाळणारी घरं अजून आहेत, पण माझ्या डोळ्यांदेखत ती भीती निम्म्याहून जास्त ओसरली. वेळ मिनिटासेकंदाला सांगता येते, तसंच घडतं, आणि काही होत नाही.

ओवरीतली

अवांतर: शिळासप्तमीला तुमच्याकडे काय काय असतं? आमच्याकडे दशम्या, दहीभात, आदल्या रात्रीच्या पुऱ्या आणि कैरीचं लोणचं. मुलं वर्षभर वाट बघतात.

मीरा_मिरजकर

ओवरीतली, हे अवांतर नाहीच. मास्तरांचा प्रतिसाद आणि तुमचा एकापाठोपाठ वाचला आणि माझा मूळ प्रश्न मला वेगळा दिसला.

ग्रहणाची भीती गेली तेव्हा मागे फारसं काही उरलं नाही. राहू-केतूवर कोणाचा जीव नव्हता. होते ते फक्त नियम, आणि नियम मोडून काही होत नाही हे दिसल्यावर ते सुटले. शीतळादेवीचं तसं नव्हतं. ती रोग देणारी आणि तीच पोर वाचवणारी आई. तापाने फणफणलेल्या लेकरापाशी बसून रात्र काढणाऱ्या बायकांनी तिला गाणी म्हटली, कडुलिंबाच्या डहाळीने वारा घातला, गार दहीभात ठेवला. भीती होतीच, पण त्या भीतीत त्या बायकांनी आपलं बरंच काही घातलं होतं. रोग गेला तरी ते घातलेलं राहिलं. वेतोबाच्या चपला, दर्यावर्दींचा नारळ, आत्यांचा अर्धाच ठेवलेला देव, सगळीकडे मला हेच दिसतंय. भीतीने माणूस देवापर्यंत येत असेल. तो तिथे थांबतो ते मात्र त्या नात्यामुळे.

राजा, ज्योतिषाच्या शांतीत असं नातं कुठेच नव्हतं. तिथे फक्त भीती आणि पावती. म्हणून ते मला श्रद्धेत मोजायचं नाही.

रोखठोक_राजा

मोजायचं नाही कसं? माझ्या आईने श्रद्धेनेच पाटल्या दिल्या. तिच्या बाजूने नातं पुरेपूर होतं. नातं आहे म्हणूनच तर लुबाडता येतं. नुसती भीती असती तर माणूस पळून गेला असता. तुमची मांडणी मला आवडली, पण तिने फसवणूक करणाऱ्याचं काम अवघड होत नाही, सोपंच होतं.

डॉ_केतकी

राजांचा मुद्दा बरोबर आहे. माझ्या अनुभवात बुवाकडे सगळ्यात जास्त अडकतात ती माणसं भित्री नसतात, जिव्हाळ्याची असतात. आजारी मुलाच्या आया.

भीमाकाठ

मीराताई, नात्याचं म्हणताय तर एक भर. आमच्या लोकांचं मरीआईशी नातं नव्हतं असं नाही. जात्यावर तिची गाणी होती. आजोबांनी मुखवटा नदीत सोडला त्याने आजीची भीती कालांतराने गेली, पण गाणं जाईना. मग वस्तीतल्या बायकांनी त्याच चालीवर भीमाच्या ओव्या रचल्या. रमाईच्या, दीक्षेच्या, शाळेच्या. देवी सुटली, चाल ठेवली. सोडायचं काय आणि ठेवायचं काय हे त्या बायकांनी स्वतः ठरवलं, कोणी कौल लावला नाही.

दर्यावर्दी

व्वा. आमच्याकडे जुन्या कोळीगीतांच्या चालीवर डिझेलच्या भावाचं गाणं आलंय.

गार्गी_व

भीमाकाठ, या ओव्या कुठे लिहून ठेवल्या आहेत का? नसतील तर कृपा करून लिहा. देवीच्या मूळ गाण्याची एक ओळ आणि तिच्या चालीवरची भीमाची ओवी अशा जोड्या मिळाल्या तर फार मोलाचं होईल.

भीमाकाठ

काही आईला येतात, बाकीच्या धाकट्या मावशीला विचारायला लागतील, तिचा गळा अजून चांगला आहे. दिवाळीत गावी जातोय. ध्वनिमुद्रण करून आणतो आणि वेगळा धागा काढतो.